कच्छच्या वाळवंटी किनाऱ्यावर मुक्काम करून वटवाघळे आणि इतर वन्यजीव कसे पाहावेत : वडोदऱ्याहून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

वडोदऱ्याहून तंबू घेऊन कच्छच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. वटवाघळे दिसलीच नाहीत, पक्षी फार लांब राहिले, मध्यरात्री वाऱ्याने तंबूच्या खुंट्या उपटल्या, पहाटे पाणी दारापर्यंत आले. या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे कामांचा चुकलेला क्रम. मंडळी आधी समुद्राचे दृश्य पाहून जागा पसंत करतात, तंबू ठोकतात आणि मग आजूबाजूला काय दिसते ते शोधू लागतात. प्रत्यक्षात आधी भरती पाहावी, मग गोडे पाणी आणि वाऱ्याचा आडोसा, त्यावरून निरीक्षणाची जागा ठरवावी आणि तंबूची जागा सर्वांत शेवटी निवडावी. पुढील सर्व टप्पे याच क्रमाने मांडले असून त्यात कच्छमधील मांडवीच्या परिसरातला, दोन रात्रींचा मुक्काम गृहीत धरला आहे.

१. तिथी, भरती आणि ऋतू जुळवून दिवस ठरवणे

शनिवार-रविवारची सुट्टी पाहून तारीख ठरवणे ही पहिली चूक होय. किनाऱ्यावरील पक्षी भरतीच्या वेळी सर्वांत जवळून दिसतात, कारण चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेल्यावर ते उरलेल्या कोरड्या वाळूवर एकत्र येतात. वटवाघळांसाठी मात्र संध्याकाळी अंधार हवा, कारण लख्ख चांदण्यात त्यांच्या अनेक जाती उघड्यावर कमी फिरतात. या दोन्ही गरजा एकाच मुक्कामात भागवायच्या असतील, तर कृष्ण पक्षाचा उत्तरार्ध, साधारणपणे दशमी ते त्रयोदशी, हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवत असल्याने संध्याकाळ काळोखी मिळते, आणि सकाळची भरती उन्हाच्या चांगल्या वेळेत येण्याची शक्यता असते.

भरतीची वेळ काढताना वडोदऱ्यातील मराठी घरांतून अजूनही कोकणातला जुना हिशेब वापरला जातो : तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ मिळते. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी बसवलेला आहे. कच्छच्या आखातात भरतीची लाट मुखाकडून आत सरकत जाते, त्यामुळे मुखाजवळच्या ओख्याला आणि आतल्या टोकाकडच्या कंडल्याला भरतीच्या वेळा वेगवेगळ्या असतात; शिवाय आखात आत अरुंद होत गेल्याने पाण्याची चढ-उतरही वाढत जाते आणि कंडल्याकडे उधाणाच्या दिवसांत ती सहा मीटरच्या पलीकडे जाते. म्हणून दिवसाचा अंदाज बांधण्यापुरताच हा हिशेब वापरावा आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातून, जवळच्या बंदराचे नाव पाहून घ्यावी. वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे लक्षात ठेवून दोन्ही दिवसांच्या भरती आणि ओहोटीच्या वेळा वहीत आधीच लिहून ठेवाव्यात.

ऋतूबाबतही तडजोड करावी लागते. स्थलांतरित पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भरपूर असतात, परंतु डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री कीटक कमी उडतात आणि कीटकभक्षी वटवाघळेही कमी बाहेर पडतात. या भागात आढळणारी उंदीरशेपटी वटवाघळे हिवाळ्यापूर्वी पोटाच्या खालच्या भागात चरबी साठवतात आणि थंडीचे दिवस बराच काळ निपचित राहून काढतात. ज्यांना वटवाघळेच प्रामुख्याने पाहायची आहेत त्यांनी ऑक्टोबरचा शेवट किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ निवडावा. माझ्या मते दुसरा काळ अधिक चांगला, कारण तेव्हा पक्षीही पुष्कळसे टिकून असतात.

तपासणी : सूर्यास्ताची वेळ मांडवीची घेतली आहे ना, हे पाहावे. मांडवी वडोदऱ्याच्या जवळपास चार अंश पश्चिमेला असल्याने तेथे सूर्य सुमारे पंधरा मिनिटे उशिरा मावळतो, आणि वटवाघळांच्या बाबतीत ही पंधरा मिनिटे महत्त्वाची असतात.

२. परवानगी आणि पूर्वसूचना

कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा, म्हणजे जामनगरच्या बाजूचा बराच भाग, सागरी अभयारण्य (१९८०) आणि सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८२) यांत मोडतो. तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश करू नये आणि तंबू ठोकण्याचा विचारच करू नये. कच्छच्या वायव्य टोकाला लखपत, कोटेश्वर आणि नारायण सरोवराचा परिसर सीमेजवळ असल्याने तेथे सुरक्षा दलांची गस्त असते. हा भाग दिवसा पाहावा आणि मुक्काम मांडवीकडे, मालकाच्या संमतीने शेतात किंवा खासगी जागेत करावा. गावच्या सरपंचांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आपली नावे, वाहनाचा क्रमांक आणि मुक्कामाची जागा आधी कळवावी, कारण किनाऱ्यावर रात्री अनोळखी माणसे दिव्यांसह दिसली की चौकशी होणारच, आणि ती योग्यच आहे.

इशारा : ड्रोन घरी ठेवावे. परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे. रात्री समुद्राच्या दिशेने प्रखर झोत टाकू नये.

मिठागरांच्या बांधांवर रोहित पक्षी चांगले दिसतात, पण ते बांध खासगी किंवा भाडेपट्ट्यावरील असतात. आगरावरील माणसाला विचारूनच पाऊल टाकावे.

३. साहित्य आणि वडोदऱ्यातला सराव

उपकरणे किनाऱ्यावर पहिल्यांदा हाताळणे म्हणजे मुक्कामाची एक संध्याकाळ वाया घालवणे. निघण्यापूर्वी निदान काही संध्याकाळी शहरातच सराव करावा. सुरसागराच्या काठावर किंवा एखाद्या तलावाजवळच्या पथदिव्यांपाशी सूर्यास्तानंतर थांबले, की लहान कीटकभक्षी वटवाघळांचे उडणे ओळखता येऊ लागते. कमाटीबागेजवळचा विश्वामित्रीचा काठ मात्र यासाठी निवडू नये; त्या नदीत मगरी आहेत आणि अंधारात पाण्याजवळ उभे राहणे धोक्याचे आहे.

वटवाघळांचा आवाज ऐकण्याचे यंत्र असल्यास त्याचा सराव सर्वाधिक करावा. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांची हाक त्याच्या वर असते. साधे यंत्र आपण निवडलेली वारंवारिता आणि आलेला आवाज यांमधील फरक ऐकण्याजोगा करून देते, त्यामुळे चकती फिरवत राहावी लागते. फोनला जोडायचा श्रवणातीत मायक्रोफोन संपूर्ण आवाज नोंदवून आलेख दाखवतो, पण फोनची बॅटरी वेगाने संपवतो. यंत्र चालू आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा हलवणे, कारण धातूच्या त्या किणकिणाटात श्रवणातीत आवाजही असतो.

बाकीचे साहित्य थोडक्यात सांगतो. आठपट किंवा दहापट दुर्बीण, शक्य असल्यास पक्ष्यांसाठी स्पॉटिंग स्कोप, डोक्याला बांधायची लाल उजेडाची बॅटरी आणि एक साधी बॅटरी प्रत्येकी, अतिनील किरणांची छोटी बॅटरी, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, दर माणशी दररोज किमान चार-पाच लिटर पाणी, वाळू भरण्यासाठी रिकाम्या मजबूत पिशव्या, तंबूखाली अंथरायची जाड तळपट्टी, उबदार कपडे, कारण कच्छमधील हिवाळी रात्रीचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली जाते. रेल्वेने भूजपर्यंत जाणार असाल तर गॅसची टाकी सोबत नेता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसासाठी दशम्या, ठेपले, चिवडा असे कोरडे खाणे घ्यावे आणि चुलीची सोय मांडवीत करावी. भूजपासून मांडवी सुमारे ६० किलोमीटर आहे.

४. दिवसाउजेडी पाहणी : हा टप्पा गाळू नये

किनाऱ्यावर दुपारी तीनच्या आत पोहोचावे आणि सामान गाडीतच ठेवून पाहणी करावी. पाहणीत चार गोष्टी शोधायच्या असतात, आणि त्याही याच क्रमाने.

पहिली, उधाणाच्या भरतीची रेषा. वाळूवर शेवाळ, शिंपले आणि प्लास्टिकचे अनेक समांतर पट्टे दिसतात. त्यांतील सर्वांत वरचा, वाळलेला पट्टा मागील उधाणाचा असतो. आज सकाळचा ओला पट्टा पाहून जागा ठरवणारे लोकच पहाटे भिजतात. मर्यादवेल जेथे जोमाने पसरलेली असते, तेथवर पाणी सहसा येत नाही, म्हणून तिच्याही मागे, जमिनीच्या बाजूला राहणे सुरक्षित. मागच्या बाजूने आत शिरणारी खाडी आहे का, हेही पाहावे, कारण भरतीचे पाणी अनेकदा समोरून येण्याआधी मागून येते.

दुसरी, गोडे पाणी. वटवाघळे पाहायला गेलेल्यांचे सर्वांत जास्त चुकते ते येथे. ते समुद्राकडे तोंड करून बसतात. उघड्या, वाऱ्याच्या पुळणीवर कीटक टिकत नाहीत आणि खारे पाणी वटवाघळांच्या उपयोगाचे नसते. कोरड्या प्रदेशात त्यांचा राबता असतो तो गावतळे, बंधाऱ्यामागचे पाणी, गुरांची हौदे, सिंचनाच्या शेतांचे बांध यांच्यावर. वटवाघूळ उडता उडताच पाण्याला तोंड लावते, त्यामुळे ज्याचा पृष्ठभाग मोकळा आहे आणि ज्यावर येण्या-जाण्याला वाट आहे असे पाणी निवडावे. लव्हाळ्याने भरलेले डबके सोडून द्यावे. असे ठिकाण किनाऱ्यापासून एखाद-दोन किलोमीटर आत असले, तरी संध्याकाळ तेथेच घालवावी.

तिसरी, आडोसा. वारा वाहत असताना कीटक झाडांच्या रांगेमागे, टेकाडांच्या आडबाजूस किंवा खारफुटीच्या कडेला गोळा होतात, आणि वटवाघळे त्यांच्या मागोमाग तेथे येतात. या किनाऱ्यावर वेड्या बाभळीची, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या गांडो बावळची, दाट झाडोरी आहे; तिची वाऱ्याआडची बाजू पाण्याजवळ असेल, तर याहून चांगली जागा मिळणे कठीण.

चौथी, गावकऱ्यांची माहिती. गुजरातीत लहान वटवाघळाला चामाचिडियुं आणि मोठ्या फळभक्षी वटवाघळाला वागोळ म्हणतात. दोहोंबद्दल वेगवेगळे विचारावे, अन्यथा पडक्या विहिरीची माहिती हवी असताना वडाच्या झाडापर्यंत पायपीट होते. मालधारी, म्हणजे गुरे-उंट पाळणाऱ्या मंडळींना पाण्याच्या जागा, कोल्ह्यांची बिळे आणि चिखलातले धोके नेमके ठाऊक असतात. खारफुटीत चरायला पोहत जाणारे खाराई उंट याच किनाऱ्याचे आहेत; त्यांचा कळप पाण्यातून येत-जात असेल तर बाजूला थांबून वाट द्यावी.

इशारा : वटवाघळे राहतात अशा विहिरीत, भुयारात, पडक्या वास्तूत किंवा गुहेत शिरू नये. हिवाळ्यात निपचित असलेले वटवाघूळ दचकून जागे झाले की ऋतूभर पुरवायची चरबी खर्च होते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून माद्यांजवळ पिल्ले असू शकतात. तेथील वाळलेल्या लेंड्यांची धूळही फुप्फुसांना अपायकारक असते. मोजणी करायची ती बाहेर, तोंडापासून काही अंतरावर बसूनच.

५. तंबू उभारणे

निरीक्षणाची जागा ठरल्यावर तिच्यापासून अंधारात सुरक्षित चालत येता येईल अशा ठिकाणी, उधाणाच्या रेषेच्या मागे तंबू लावावा. परंतु गोड्या पाण्याच्या अगदी काठावर लावू नये, कारण रात्री पाण्यावर येणारे प्राणी माणसाच्या वासाने परत फिरतात. जमीन आधी झाडून काढावी. वेड्या बाभळीचा काटा तळपट्टीतूनच काय, बुटाच्या तळव्यातूनही आत जातो.

नेहमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरावी, दोरी त्यांना बांधावी आणि पिशव्या हातभर खोल पुरून वरची वाळू पायाने दाबावी. दोऱ्या चारही बाजूंनी ताणाव्यात. दुपारी समुद्रावरून येणारा वारा रात्री उशिरा जमिनीकडून वाहू लागतो. दुपारच्या वाऱ्याकडे पाठ करून निश्चिंत झोपलेल्यांचा तंबू याच बदलात उखडतो.

तपासणी : दाराची चेन पूर्ण बंद होते का, बूट उलटे करून आत ठेवले का, अन्न घट्ट डब्यात गाडीत ठेवले का, हे अंधार पडण्याआधी पाहावे. उघडे राहिलेले खाणे कुत्रे आणि कोल्हे ओढून नेतात, आणि एकदा त्यांना माणसाच्या खाण्याची सवय लागली की तिचा त्रास त्या प्राण्यांना आणि पुढच्या गावकऱ्यांना होतो.

६. संध्याकाळ : वटवाघळांचे निरीक्षण

सूर्यास्तापूर्वी अर्धा तास जागेवर बसावे. तोंड पश्चिमेकडे ठेवावे आणि पाणी किंवा झाडांची रांग आपल्या व मावळतीच्या आकाशाच्या मध्ये येईल असे पाहावे. उजळ आकाशावर काळी आकृती स्पष्ट उमटते, पूर्वेच्या अंधारलेल्या बाजूस तीच आकृती हरवते. आता फोनचा पडदा बंद करावा. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सारी तयारी फुकट जाते. लिहिण्यापुरता मंद लाल उजेड वापरावा, तोही खाली वळवून.

पहिल्या पंधरा मिनिटांत दिसणारी हालचाल बहुधा पक्ष्यांची असते. माळभिंगऱ्या आणि पाकोळी पक्षी उशिरापर्यंत कीटक टिपत असतात, आणि नवशिके त्यांचीच वटवाघळे म्हणून नोंद करतात. पक्षी पंख मारून मध्येच तरंगतो आणि त्याची वळणे गोलाईदार असतात. बहुतेक लहान वटवाघळे पंख सतत मारत राहतात आणि झटक्याने दिशा बदलतात. मात्र येथे एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा लागतो. उंदीरशेपटी वटवाघूळ काही क्षण फडफडून मग तरंगते, वर-खाली हेलकावे घेत जाते आणि त्यामुळे लहानशा पक्ष्यासारखे भासते. ते जवळून, उजळ आकाशावरून गेले तर मागे लोंबणारी दोऱ्यासारखी लांब शेपटी दिसू शकते, आणि ती दिसली की शंका उरत नाही. रातवाही याच सुमारास उडू लागतो; तो आकाराने बराच मोठा, लांब पंखांचा असतो आणि रस्त्यावर किंवा मोकळ्या जमिनीवर येऊन बसतो.

यानंतर उंचीप्रमाणे पाहावे. पाण्यालगत आणि झाडांच्या कडेने वेडीवाकडी घिरट्या घालणारी चिमुकली वटवाघळे बहुधा पिपिस्ट्रेल गटातली असतात. बरेच उंच, सरळ आणि वेगाने, अरुंद लांब पंखांनी जाणारी ती कबरवासी किंवा मोकळ्या शेपटीची वटवाघळे असू शकतात. गावाकडच्या मोठ्या झाडांवरून निघून सावकाश पंख हलवत सरळ रेषेत जाणारी, पंखांचा विस्तार मीटरभराहून अधिक असलेली ती मोठी फळभक्षी वटवाघळे. ती हाकेच्या प्रतिध्वनीवर नव्हे तर डोळ्यांवर आणि वासावर विसंबतात, म्हणून यंत्र त्यांच्याबाबत गप्प राहते. यंत्र बिघडले असे समजून ते उघडत बसू नये.

यंत्र वापरताना सुरुवात ३० ते ३५ किलोहर्ट्झवर करावी, मग सावकाश २० पर्यंत खाली आणि ५० पर्यंत वर जावे. मोकळ्या शेपटीची, उंचावरून उडणारी वटवाघळे सामान्यतः खालच्या वारंवारितेवर, उंदीरशेपटी ३० च्या आसपास आणि पिपिस्ट्रेल ४० च्या पुढे ऐकू येतात. या आकड्यांवरून गट सुचतो, जात सिद्ध होत नाही. एकच वटवाघूळ मोकळ्यात आणि झाडीत वेगळी हाक देते. म्हणून नोंद करताना ‘३२ किलोहर्ट्झ, संथ टकटक, उंच उड्डाण’ असे प्रत्यक्ष ऐकले-पाहिले ते लिहावे आणि जातीचे नाव खात्री असेल तरच त्यापुढे घालावे. संथ टकटक अचानक एकमेकांत मिसळून घरघर होऊ लागली, तर वटवाघूळ भक्ष्यावर झडप घालत आहे असे समजावे. त्या ठिकाणी कीटक आहेत, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा होय.

यंत्रातून येणारा प्रत्येक आवाज वटवाघळाचा नसतो. रातकिडे आणि नाकतोड्यांच्या काही जाती अखंड, एकसुरी कंप देतात. वारा, नायलॉनचे जाकीट आणि फुटणाऱ्या लाटा खरखर निर्माण करतात. वटवाघळाची हाक तुटक असते, जवळ येताना मोठी होते आणि दूर जाताना विरते. ही चढ-उतर ऐकू आली नाही, तर नोंद करू नये.

संख्या मोजताना आणखी एक घोटाळा होतो. तळ्यावरून एकच वटवाघूळ वीस वेळा गेले, तर वहीत वीस वटवाघळे लिहिली जातात. पाच-पाच मिनिटांचे भाग पाडून प्रत्येक भागात किती वेळा आकृती किंवा हाक आली, ती ‘फेरी’ म्हणून मोजावी; एकाच वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या वेगळ्या रकान्यात लिहावी. दोन निरीक्षक असतील तर एकाने फक्त पाहावे आणि दुसऱ्याने फक्त लिहावे. सूर्यास्तानंतरचा पहिला दीड तास सर्वांत भरघोस असतो. त्यानंतर वर्दळ ओसरते आणि उठायला हरकत नसते.

इशारा : जमिनीवर पडलेल्या किंवा मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, जखम कितीही बारीक असो. तंबूत वटवाघूळ शिरले तर दिवा विझवावा, दार पूर्ण उघडावे आणि बाहेर थांबावे. ते स्वतःच निघून जाते.

छायाचित्रासाठी फ्लॅश वापरू नये, रेकॉर्ड केलेल्या हाका वाजवू नयेत. फळभक्षी वटवाघळे पूर्वी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, ते परिशिष्टच रद्द झाले आहे. गावात कोणी त्यांना हुसकावणे कायदेशीर आहे असे म्हणत असेल, तर ही गोष्ट शांतपणे सांगावी.

७. रात्रीची फेरी

ही फेरी तासाभराची ठेवावी, दोघांनी मिळून करावी आणि संध्याकाळी पाहून ठेवलेल्या वाटेवरूनच करावी. बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर, कानशिलाजवळ धरली तरच प्राण्यांच्या डोळ्यांतून परतणारी चमक आपल्याला दिसते. कमरेशी धरलेल्या बॅटरीने ती हुकते. चमक दिसल्यावर झोत बाजूला घ्यावा आणि कडेच्या मंद उजेडात प्राणी पाहावा. खोकड दिसले तर शेपटीचे टोक पाहावे : पांढरे टोक वाळवंटी खोकडाचे, काळे टोक भारतीय खोकडाचे. करवानक, ससा, रानमांजर आणि कोल्हा हेही या वेळेचे पाहुणे. अतिनील बॅटरीच्या उजेडात विंचू हिरवट निळे चमकतात. तंबूभोवतीची जागा निजण्यापूर्वी अशी एकदा पाहून घ्यावी. तो झोत कोणाच्या डोळ्यांवर धरू नये.

या किनाऱ्यावरचा खरा धोका फुरसे हा आहे. ते लहान असते, वाळूच्या रंगात मिसळते, रात्री फिरते आणि खुज्या झुडपांवरही चढून बसते. म्हणून पाऊल टाकण्याआधी उजेड टाकावा, सरपण अंधारात गोळा करू नये आणि लघुशंकेसाठीही बूट घातल्याशिवाय बाहेर पडू नये. दंश झाल्यास बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयाकडे निघावे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते; ते जवळच्या कोणत्या दवाखान्यात उपलब्ध आहे, हे मांडवीत पोहोचताच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

पुळणीवर रुंद, वल्ह्यांनी ओढल्यासारख्या खुणा दिसल्या तर त्या कासवाच्या असतात. दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर असतील तर हिरवे कासव, आलटून-पालटून असतील तर ऑलिव्ह रिडले. अशा वेळी सर्व दिवे बंद करून मागे सरावे, घरट्याजवळ जाऊ नये आणि वन विभागाला कळवावे.

८. सकाळची भरती आणि त्यानंतरची ओहोटी

भरतीच्या दीड तास आधी जागेवर असावे. मांडवीजवळ समुद्र दक्षिणेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणून थव्याच्या पूर्वेला बसून पश्चिमेकडे पाहावे. उलट बाजूने पाहिल्यास सारे पक्षी काळे दिसतात आणि पायांचा रंग कळत नाही. मांडवीजवळच्या मोढव्याकडील वाळूच्या पट्ट्यांवर क्रॅब प्लोव्हर, कुरव, सुरय, किनारी बगळे आणि तुतारींचे मिश्र थवे बसतात. जागा एकदा घेतली की बसून राहावे, पाणी चढेल तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना वर केल्या, तर आपण हवे त्यापेक्षा जवळ गेलो आहोत. तेथेच थांबावे आणि हळूहळू मागे व्हावे. थव्याला उडवणे टाळावे, कारण भरतीच्या वेळी त्यांना बसायला दुसरी कोरडी जागा उरलेली नसते.

ओहोटीत चिखलाच्या पट्ट्यावर चालायचे असल्यास नियम एकच : उतरत्या पाण्यामागे जावे आणि ओहोटीच्या नेमक्या वेळेला परतीचे पाऊल टाकावे. पाणी अजून दूर दिसते म्हणून रेंगाळू नये. मऊ चिखलात पाय रुतल्यास ओढाताण न करता मागे झुकावे, वजन पसरावे आणि एकेक पाय सावकाश सोडवावा. उथळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा बाजूला होतो.

तपासणी : एकजण काठावर थांबला आहे का, त्याच्याजवळ भरतीची वेळ लिहिलेली आहे का, आणि परत बोलावण्याची खूण ठरली आहे का?

९. नोंदी आणि आवराआवर

दोन्ही दिवसांच्या नोंदी किनारा सोडण्यापूर्वीच नीट लिहून काढाव्यात. वडोदऱ्याला पोहोचेपर्यंत वेळा आणि संख्या एकमेकांत मिसळतात. प्रत्येक नोंदीत तारीख, तिथी, सूर्यास्त आणि भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचा प्रकार आणि निरीक्षणाचा एकूण कालावधी असावा. काहीच दिसले नाही असे पाच-मिनिटांचे भागही शून्य म्हणून लिहावेत, नाहीतर पुढच्या वर्षीच्या नोंदींशी तुलना करता येत नाही. पक्ष्यांच्या याद्या ईबर्ड आणि छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकता येतात. वटवाघळांच्या वस्तीचे, कासवाच्या घरट्याचे आणि खोकडाच्या बिळाचे नेमके ठिकाण मात्र सार्वजनिक करू नये, तेवढी माहिती तालुक्यापर्यंतच ठेवावी.

वाळूच्या पिशव्या उकरून रिकाम्या कराव्यात, खड्डे बुजवावेत आणि तंबूच्या दोऱ्यांचे तुकडे वेचावेत, कारण पक्ष्यांच्या पायांना तेच गुंडाळतात. राख असेल तर पाण्याने पूर्ण विझवून गार झाल्यावर पिशवीत भरावी. दुर्बीण, यंत्र आणि तंबूच्या चेनीवर क्षारयुक्त दव साचलेले असते; ते ओलसर मऊ कापडाने भूजला पोहोचण्यापूर्वीच पुसावे आणि तंबू घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवल्यावरच घडी करून ठेवावा.